हिरव्या काचेचा गॉगल

मे महिन्यात जळगावला येऊन "अहो, काय हे ऊन तुमच्याकडे" म्हणणाऱ्या पाहुण्यांचा मला राग येतो. थंड हवेचं ठिकाण समजून आला होतात का, असं विचारावंसं वाटतं. आमच्याकडे दुपारच्या वेळी रस्त्यावर जो कोणी दिसतो त्याच्या डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला असतो आणि डोळ्यांवर गॉगल असतो. भाजीवाला असो, बँकेतला साहेब असो, कॉलेजच्या मुली असोत, सगळ्यांचा अवतार एकच. ओळखीचा माणूस शेजारून गेला तरी कळत नाही, आणि कोणाचं काही अडतही नाही.

पण माझ्या वडिलांनी गॉगल घेतला तेव्हा तो असा घरोघरी नव्हता. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते, ड्यूटीभर मीटरचे काटे बघायचे. बॉयलरच्या भट्टीला एक झरोका असतो, त्यातून आतली ज्वाळा नीट आहे का ते बघायचं असतं. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर डोळ्यांचं वाटोळं, म्हणून डोळ्यांपुढे निळी काच धरायची. आबा म्हणायचे, "काचेबिगर आगीकडे पाह्यनारा शूर नसते, येडा असते." तेव्हा रंगीत काच ही त्यांच्या लेखी कामाची वस्तू होती. तरी पहिला बोनस हातात पडल्यावर भुसावळला जाऊन त्यांनी जो गॉगल आणला तो नखराच होता. एरवी कशालाही कबूल न होणारे आबा एवढं मात्र कबूल करतात.

आई धुळ्याकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली, नातवंडं कॉलेजात गेली, तरी तिची अहिराणी काही सुटली नाही. ती गॉगल बघून म्हणाली, "बठ्ठा पैसा डोयासले लाई टाका." सगळा पैसा डोळ्यांनाच लावून टाकला, असं. आबांचं गाव मुक्ताईनगरकडचं, तिकडे 'बठ्ठा' म्हणत नाहीत. त्यांना त्या शब्दाची भारी गंमत. कोणी घरी आलं की ओळख करून देणार, "मी भट्टीवाला, हे बठ्ठीवाली." आई नाक मुरडायची आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'बठ्ठा' म्हणायची.

गॉगल ज्या कंपनीचा, तिचं नाव मी लिहीत नाही. आमच्या घराने तिची एवढी वर्षं फुकट जाहिरात केली, तेवढी पुरे. आमच्या भागात त्या नावाचा उच्चार असा व्हायचा की लहानपणी मला ते वेणीच्या रिबिनीचं नाव वाटायचं. सोनेरी तारेची फ्रेम, थेंबासारख्या खाली उतरलेल्या दोन काचा, रंग गडद हिरवा, आणि काचेच्या कोपऱ्यात कोरलेली इवलीशी अक्षरं. ती अक्षरं नखाला लागतात का, हे बघायला लोक घरी यायचे. काचेवर तोंडाने हाऽ करून वाफ किती वेळ टिकते ते मोजणारेही होते. "ओरिजनल आहे का?" हा प्रश्न ठरलेला, आणि आबांचं उत्तरही ठरलेलं, "घालनारा ओरिजनल हाये."

मोठेपणी मी या गॉगलविषयी वाचलं. मी शाळेत शिकवते, वाचलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय मला पचत नाही, म्हणून एका रविवारी आबांना बसवून सगळं सांगितलं. अमेरिकेत चष्म्याच्या काचा बनवणारी ही कंपनी. विमानं जसजशी उंच जाऊ लागली, तसा ढगांवरच्या लख्ख उजेडाने वैमानिकांना त्रास होऊ लागला. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यांच्यासाठी ही हिरवी काच काढली. काच थेंबाच्या आकाराची का, तर वैमानिकाची नजर सारखी खालच्या मीटरच्या काट्यांवर जाते, तिथेही उजेड आत शिरू नये म्हणून. पुढे लढाईच्या फोटोंत सेनापती तो घालून दिसले, मग मोटारसायकलवाल्यांनी उचलला, मग पोलिसांनी, आणि सिनेमातल्या हिरोंच्या नाकावर बसल्यावर तर विचारायलाच नको. जग फिरून तो भुसावळच्या दुकानात आला. नंतर ती कंपनीच इटलीवाल्यांकडे गेली. आता मॉलमध्ये काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवतात, आणि हायवेला दोरीवर टांगलेले त्याचे डझनभर जुळे भाऊ वाऱ्यावर हलत असतात.

आबांनी एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली. ते स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला म्हणाले, "आयकलं का? काटे पाह्यनाऱ्याचा गॉगल हाये हा. ड्यूटीचा हाये. मी तं पयलेपासून म्हनतो." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. आमच्या घरात ही सहमती समजली जाते.

पण गॉगलची खरी गोष्ट आबांच्या गावातली आहे. आमची वस्ती गावाच्या टोकाला. बाबासाहेबांच्या मागे जाऊन बौद्ध झालेली, शिकायला लागलेली, तरी मधल्या चौकातून जाताना मान आपोआप खाली घालणारी माणसं. तो नियम कुठे लिहिलेला नव्हता. अंगातच मुरलेला होता. चौकात मोठा पार आहे, तिथे गावातली वजनदार माणसं बसायची. आबा गॉगल घेतल्यावर पहिल्यांदा गावी गेले ते तो घालूनच एसटीतून उतरले आणि चौकातून चालले. पारावरून एका नानांनी हाक मारली, "काय रे, डोये आले का?" सगळा पार हसला.

आबांनी उत्तर दिलं नाही. गॉगल काढला नाही. त्याच चालीने चौक ओलांडला, एवढंच. आम्हाला ही हकीकत सांगताना ते कधी आवाज चढवत नसत. म्हणायचे, "काचेच्या मांगं माही नजर खाली हाये का वर हाये, हे त्याहिले दिसेच ना. त्याहिचं दुखनं ते होतं, माह्या डोयाचं नव्हतं." मला मात्र आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

त्या वर्षापासून आमच्या नात्यात एक रीतच पडली. लग्न कोणाचंही असो, वरातीत नवरदेवाच्या डोळ्यांवर आबांचा गॉगल. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, गळ्यात हार आणि हा गॉगल. भुसावळपासून रावेरपर्यंत आमच्या नातेवाइकांचे अल्बम उघडा, नवरदेव बदलतात, गॉगल तोच. एकाचं तोंड इतकं लहान होतं की मागून दोरा बांधावा लागला. गॉगल नुसता पाठवून द्यायचा नाही, आबांनी स्वतःच्या हाताने घालायचा, दोन पावलं मागे सरायचं, मान तिरपी करून बघायचं आणि म्हणायचं, "जमलं." आबांचं 'जमलं' झाल्याशिवाय वाजंत्री वाजायची नाहीत. माझ्या नवऱ्यालाही हे चुकलं नाही. तो चष्मेवाला, त्याला वरातीत पुढचा बँडवालाही धड दिसत नव्हता, पण 'जमलं' मिळालं होतं ना, मग झालं.

रिटायर झाल्यावर आबा-आई जळगावला माझ्याकडे राहायला आले. आमचं घर मेहरूणला, तलावाजवळ. आबा सकाळ-संध्याकाळ तलावावर फिरायला जायचे, पँट इस्त्रीची, पायात बूट, डोळ्यांवर गॉगल. आणि तिथे एक विचित्रच गोष्ट घडली. बाकावर बसणाऱ्या एका गृहस्थांनी आपुलकीने विचारलं, "आबा, ऑपरेशन कधी झालं?"

आबांना कळेना कसलं ऑपरेशन. ते म्हणाले, "कोनाचं?" गृहस्थ म्हणाले, "तुमचं हो, मोतीबिंदूचं. कॅम्पात केलं की खाजगीत?"

आमच्याकडे मोतीबिंदूची शिबिरं भरतात, आणि ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला सारखाच काळा प्लास्टिकचा गॉगल मिळतो. पिकल्या केसांचा माणूस गॉगल घालून दिसला की लोक दुसरा विचारच करत नाहीत. याचं ऑपरेशन झालं, बस्स. मग कोणी गाजर खायला सांगतो, कोणी डोक्यावरून अंघोळ करू नका म्हणतो. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने विचारलं. त्याच्या मागे सोसायटीतल्या अक्कांनी विचारलं, त्यांनी तर आबांचा हात धरून रस्ताही ओलांडून दिला. आबांना पलीकडे जायचंच नव्हतं.

घरी आल्यावर आबांनी गॉगल डबीत ठेवला आणि डबी कपाटात. म्हणाले, "जवान होतो तं इचारे, डोये आले का. आता इचारते, आपरेशन झालं का. माह्या हौसेचा गॉगल कोनाले दिसतच नई का?" मी हसले, आईही हसली. आबा हसले नाहीत. त्या दिवसापासून ते बिनगॉगलचे फिरायला लागले.

इथवर सगळी गंमतच होती. पुढच्या वर्षी ती संपली, कारण आबांना खरंच मोतीबिंदू झाला. आधी वर्तमानपत्र खिडकीशी नेऊन वाचायला लागले, मग वाचायचंच सोडलं. दिवा पिवळा लागतो म्हणून बल्ब बदलायला लावला. चहा कपात ओतताना बशीत जायला लागला. एकदा उंबऱ्यात ठेच लागून असे पडले की आईच्या तोंडचं पाणी पळालं. मी हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत आहे, उजवा फार पिकलाय, आता वाट बघत बसलात तर काम अवघड होईल, नजर जाऊही शकते.

आबा म्हणाले, "नई कराचं."

का, म्हणून विचारलं तर कारण ऐकून मी हतबुद्ध झाले. "लोक आधीच म्हनत होते आपरेशन झालं. आता मी खरंच करू, तो काया गॉगल लावू, आन त्याहिले खरं करून दाखवू?"

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, तो तिथून खाली यायला वेळ लागत नाही. मी म्हटलं, आबा, लोकांच्या नाकावर टिच्चून आंधळं व्हायचंय का तुम्हाला? हे म्हणजे नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे, असलं चाललंय. आई मला गप्प करायला धावली, पण तीही त्यांना दुसऱ्या खोलीतून ऐकवतच होती. आबा भिंतीकडे बघत बसून राहिले. भिंत तरी त्यांना कितपत दिसत होती कोण जाणे. डॉक्टरांनी दिलेली तारीख आली आणि गेली. दुसरी घेतली, तीही गेली. मी रोज सकाळी त्यांच्यापुढे दोन बोटं धरायची, किती दिसतात विचारायची, आणि ते सांगायचे, "तुले कामधंदा नई का?" मला भीती वाटत होती. रागापेक्षा भीतीच जास्त होती, आणि ती मला बोलता येत नव्हती म्हणून मी भांडत होते.

अशात गावाकडून माझ्या चुलतभावाचा मुलगा आला. त्याचं लग्न ठरलं होतं, मे महिन्यातलं, गावातच. पुण्याला कंपनीत आहे, स्वतःकडे तीन गॉगल आहेत. तरी आबांच्या पाया पडून म्हणाला, "आबा, वरातीत तुमचाच गॉगल पाहिजे. बाबांच्या लग्नातला फोटो लहानपणापासून बघतोय." आबांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. चाचपत कपाटाशी गेले, डबी काढली, गॉगल धोतराच्या मऊ फडक्याने पुसला. म्हणाले, "ये इकडं. आत्ताच पाहू कसा बसते."

मुलगा पुढे येऊन खाली वाकला. आबांनी दोन्ही हातांनी गॉगल त्याच्या चेहऱ्यावर चढवला, सवयीने दोन पावलं मागे सरले, मान तिरपी केली आणि म्हणाले, "जमलं."

गॉगलची एक काडी कानावर होती आणि दुसरी कानाच्या खाली, गालावर. एक काच भुवईवर चढलेली, दुसरी नाकाच्या शेंड्याकडे घसरलेली. मुलगा तसाच वाकून उभा राहिला. मग त्याने अगदी सावकाश हात वर नेला आणि काडी सरळ केली. आबांना ते दिसलं नसणार. पण तारेची फ्रेम कानावर सरकताना बारीक किरकिर होते, आणि आबांचे कान शाबूत होते. ते बराच वेळ उभे राहिले. मग पलंगावर बसले.

संध्याकाळी मुलगा निघून गेल्यावर ते मला म्हणाले, "डाक्टरची तारीख कवाची भेटीन?"

मी फोन करायला गच्चीवर गेले, कारण मला रडू आलं होतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा प्लास्टिकचा गॉगल मिळाला, दोन्ही बाजूंनी झाकणं असलेला. आबांनी तो घातला पण तोंड असं केलं की जणू एरंडेल प्यायलेत. काही दिवसांनी डॉक्टरांनी घरात गॉगल काढायची परवानगी दिली, त्या सकाळी आबांनी आधी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "तू तं म्हतारी झाली वं." आई म्हणाली, "मंग, तू काय नवरदेव शे?" मग त्यांनी आपली डबी मागितली. गॉगल खिडकीशी उजेडात धरला, फिरवून फिरवून बघितला. "हिरवा हाये," म्हणाले. "मी समजत होतो काच पिवयी पडली. मनात म्हने, कंपनीनं फसोलं." डावा डोळा मिटून पुन्हा बघितलं. मग डबी बंद केली.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवाचे बांबूही हाताला चटके देत होते. लग्न बुद्धवंदनेने लागलं, संध्याकाळ व्हायच्या आत वरात निघायची होती. आबांनी नवरदेवाला गॉगल घातला. दोन पावलं मागे सरले, मान तिरपी केली. मग पुढे होऊन डाव्या बाजूची काडी केसभर वर उचलली आणि म्हणाले, "जमलं." वाजंत्री वाजायला लागली.

मी पर्समधून तो काळा प्लास्टिकचा गॉगल काढून त्यांच्यापुढे धरला. डॉक्टरांनी बजावलं होतं, उन्हात तसं फिरायचं नाही. आबा म्हणाले, "राहू दे थोडा येळ." आणि उघड्या डोळ्यांनी वरातीच्या पुढे चालायला लागले.

चौकात पारावर आता मोबाइल बघणारी तरणी पोरं बसतात. त्यांच्यात एक फार म्हातारा माणूस भिंतीला टेकून बसला होता. डोळ्यांवर काळा प्लास्टिकचा गॉगल, कॅम्पातला. मी त्यांना ओळखलं नाही, आबांनी ओळखलं. हेच ते नाना. वाटलं, आता आबा विचारणार, डोळे आले का म्हणून. खरं सांगायचं तर त्यांनी विचारावं असं मला वाटत होतं.

आबा थांबले. "नाना, आपरेशन कसं झालं? दिसते का आता?"

नानांनी आवाजाकडे तोंड फिरवलं. "कोन हाये?"

"मी. गॉगलवाला."

नानांनी ओळखल्यासारखी मान हलवली. मग म्हणाले, "एकच डोया वाचला. टाइम लावला मी. तुहा गॉगल कुठी हाये?"

"नवरदेवाले देल्ला."

"मंग उन्हात कायले उभा हाये?" नाना म्हणाले, आणि हाताने चाचपून पारावर बाजूला सरकले. "बस इथी."

त्या पारावर आमच्या घरातल्या कोणालाही आजवर 'बस' म्हटलेलं नव्हतं. आबांनी त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग म्हणाले, "आता नई, नाना. वरात पुढं चालली," आणि चालू लागले.

चौक ओलांडल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उन्हाने म्हणा, कशाने म्हणा. मी काळा गॉगल पुन्हा पुढे केला. या वेळी त्यांनी तो घेतला आणि निमूटपणे घातला. तेवढ्यात मुलीकडची एक पाहुणी शेजारी आली आणि आपुलकीने म्हणाली, "आबा, ऑपरेशन झालं वाटतं?"

आबांनी मागे वळून आई कुठे आहे ते बघितलं. ती बायकांच्या घोळक्यात होती, ऐकू जाईल एवढ्या अंतरावर.

"झालं," आबा म्हणाले. "आता बठ्ठं दिसते."